गोळी निवडावी कशी? गोव्यातल्या रायफल नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या मुलांना मी एअर रायफल शिकवतो आणि स्वतः ५० मीटरवर पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची रायफल, मारतो. रेंजवर मुलं विचारतात, पालक विचारतात, रात्री उशिरा फोनही येतात. निम्मे प्रश्न रायफलीचे असतात, पण खोलात गेलं की ते गोळीचे निघतात. रायफलीवर दोन-अडीच लाख खर्च करणारे पालक पेलेटचा, म्हणजे एअर रायफलीच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, डबा मात्र दुकानात समोर दिसेल तो उचलतात, हे मला मनापासून खटकतं. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली.

घरी काडतुसं भरून अचूकता वाढवतात असं व्हिडिओत पाहिलं. आपण करू शकतो का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. खेळाडूला जो परवाना मिळतो तो बंदूक आणि काडतुसं बाळगण्याचा, वापरण्याचा असतो, बनवण्याचा नसतो. याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसं बनवायची यंत्रसामग्रीही 'दारूगोळा' म्हणूनच मोजली जाते. तेव्हा 'नुसतं मशीन मागवून ठेवतो' असंही मनात आणू नका. एका मुलाच्या वडिलांनी परदेशी संकेतस्थळावर काडतुसं भरायचा प्रेस मागवायची तयारी केली होती. फोनवर मी त्यांना तासभर समजावलं आणि त्यांनी ऐकलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

मग बाहेरचे नेमबाज त्यात एवढा वेळ का घालवतात?

कारण त्यांची अंतरं वेगळी आहेत. इंग्लंडातल्या बिस्लेला किंवा अमेरिकेतल्या कॅम्प पेरीला ८००, ९००, १००० यार्डांवर मारतात. तिथे पॉइंट थ्री-झीरो-एटसारखं सेंटर-फायर काडतूस लागतं. १००० यार्डांवर म्हणजे ९१४ मीटरवर पोहोचेपर्यंत अशी गोळी नळीच्या सरळ रेषेपासून नऊ-दहा मीटर खाली आलेली असते. आता एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा फक्त एक टक्का कमी पडला, तर ती वीसेक सेंटिमीटर खाली लागते. हात स्थिर, श्वास बरोबर, ट्रिगर लोण्यासारखा, तरी शॉट खाली. म्हणून ते लोक प्रत्येक काडतूस एकसारखं व्हावं यासाठी झटतात. पितळी केसेस एकाच लांबीच्या करतात, केसच्या मानेची गोळीवरची पकड सारखी ठेवतात, गोळी नळीतल्या आट्यांपासून प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर बसवतात, गोळी केसमध्ये तिरकी बसली नाही ना ते डायलवर फिरवून बघतात. कारखान्यातलं काडतूस शेकडो प्रकारच्या रायफलींत चालावं म्हणून बनतं. त्यांचं एकाच नळीसाठी बनतं.

त्या सगळ्या खटाटोपाचं सार एवढंच की तुमच्या नळीला जे मानवतं ते शोधायचं आणि ते दर वेळी तसंच द्यायचं. भरणं आपल्या हातात नाही. शोधणं आणि जपणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे, आणि आपण नेमकं तेच करत नाही.

आमचे आजोबा सत्तरी तालुक्यात ठासणीच्या बंदुकीत स्वतः दारू भरायचे. मग आताच एवढी भीती कशाला?

ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू आणि आजच्या काडतुसातली धूररहित दारू यांची जातच वेगळी. पॉइंट थ्री-झीरो-एटच्या नळीत शॉटच्या क्षणी ४००० बारच्या आसपास दाब तयार होतो. तुमच्या एअर रायफलीचा हवेचा सिलिंडर २०० बारचा असतो, त्याच्या वीसपट. आणि हा दाब सरळ हिशोबात वाढत नाही. मापात थोडी चूक झाली की एकदम उसळतो. बोल्ट तोंडावर येतो. आजोबांचा अंदाज त्यांच्या बंदुकीपुरता खरा होता. ठासणीच्या बंदुकांनीही आपल्याकडे माणसं जायबंदी केली आहेत, हे सत्तरीतल्या जुन्या घरांत विचारलंत तर कळेल.

पॉइंट टू-टूची रिकामी केस परत भरता येते का?

नाही, आणि हे कायद्याच्याही आधी त्या काडतुसाच्या बांधणीमुळे. सेंटर-फायरला मधोमध वेगळी टोपी असते, ती काढून नवी बसवता येते. पॉइंट टू-टूमध्ये पेट घेणारं मिश्रण केसच्या कडेच्या आत पसरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की संपलं. म्हणून जगातला मोठ्यात मोठा ५० मीटरचा नेमबाजही कारखान्याचंच काडतूस वापरतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पोटावर झोपून मारायच्या प्रकाराचं) जागतिक अजिंक्यपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ऑलिम्पिक कांस्य आणलं. दोन्ही पदकं कारखान्यातून आलेल्या काडतुसांवरचीच. तुम्हीही तेच करणार आहात.

गोळीमुळे असा कितीसा फरक पडतो? मुलगा ६० शॉटमध्ये ६०० गुणांच्या आसपास मारतो, चूक त्याचीच असणार ना?

बहुतेक चूक त्याचीच, हे खरं. पण हिशोब बघा. १० मीटर एअर रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा. पेलेट साडेचार मिलीमीटरचं, ते ठिपक्याला नुसतं चाटून गेलं तरी १०.०. म्हणजे मध्यापासून अडीच मिलीमीटरपर्यंत दहा, आणि त्यातला प्रत्येक दशांश पाव मिलीमीटरचा. १०.९ साठी पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलीमीटरच्या आत हवा.

आता पेलेट सेकंदाला १७२ मीटर वेगाने निघतं असं धरा. १० मीटरवर ते सतरा-अठरा मिलीमीटर खाली आलेलं असतं. वेगात दोन मीटरचा फरक पडला तर साधारण ०.४ मिलीमीटर वर-खाली. म्हणजे दीड दशांश, आणि तोही मुलाने काहीच न चुकता. कधी हा फरक शॉटला आत ओढतो, कधी बाहेर ढकलतो, त्यामुळे ६० शॉटला गुणून एकूण नुकसान काढू नका. पण फायनलमध्ये जाणारा आणि नववा येणारा यांच्यात बऱ्याचदा अर्धा-एक गुणच असतो.

५० मीटरला हेच मोठं होऊन दिसतं. पॉइंट टू-टूची मॅच गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते आणि ५० मीटरवर बाराएक सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक म्हणजे सात मिलीमीटर. तिथे एक रिंग आठ मिलीमीटरची. हिशोब तुम्हीच करा.

लॉट म्हणजे काय? एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन डबे वेगळे असू शकतात?

एका खेपेत एकत्र बनलेला माल म्हणजे लॉट. आणि हो, डबे वेगळे असू शकतात, असतातच. शिसं दाबून पेलेट बनवायचे साचे झिजतात, बदलले जातात. शिशाच्या घडणीत थोडा फरक पडतो. पॉइंट टू-टूमध्ये तर दारू, पेट घेणारं मिश्रण, गोळीवरचं मेण, प्रत्येक गोष्ट लॉटागणिक किंचित हलते. म्हणून डब्याच्या तळाला किंवा पाठीला एक नंबर छापलेला असतो. नेमबाजासाठी वरच्या झगमगीत नावापेक्षा तो नंबर महत्त्वाचा.

हे मी किंमत मोजून शिकलो. पुण्याच्या बालेवाडीला एका स्पर्धेसाठी मी दोन डबे घेतले. दुकानदाराने 'एकाच लॉटचे आहेत' असं सांगून दिले आणि मी तळ उलटून पाहिला नाही. दहा-दहा शॉटच्या तीन सीरिज पहिल्या डब्यातून गेल्या, छान चाललं होतं. चौथीला दुसरा डबा उघडला. शॉट खाली डावीकडे, साधारण आठ वाजायच्या दिशेला सरकायला लागले. मी श्वास बदलला, गालाची टेकण बदलली, साईटला दोन क्लिक दिले, परत काढले. त्या गडबडीत पाचवी सीरिजही बिघडली. परतीच्या गाडीत डबे बॅगेतून काढले आणि तळाचे नंबर शेजारी शेजारी धरले, तेव्हा कळलं. तेव्हापासून डबा विकत घेताना मी आधी उलटा करतो, आणि मुलांनाही तीच सवय लावली आहे.

डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं. आपण कोणता घ्यायचा?

तो पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलीमीटरमध्ये. ४.४८ पासून ४.५२ पर्यंत मिळतात. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळं माप मानवू शकतं, कारण नळ्या आतून अगदी तंतोतंत सारख्या नसतात. मित्राचा आकडा आपल्याला चालेल असं धरू नका. सुरुवात ४.४९ आणि ४.५० पासून करा. बाकीच्यांची पाळी चाचणीनंतर. वजनाचं म्हणाल तर रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅमची पेलेट असतात, पिस्तुलासाठी हलकी. आणि स्पर्धेसाठी चपट्या डोक्याचीच घ्या. कागदावर भोक गोल आणि स्वच्छ पडतं. टोकदार पेलेट कागद फाडतं.

चाचणी घ्यायची कशी? जर्मनीला जाऊन नळी तपासून घेतात असं ऐकलं.

मोठे नेमबाज जातात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएससारख्या कंपन्यांकडे अशी सोय असते. रायफल शिकंज्यात धरतात, एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जुळला तो लॉट तिथेच उचलतात. आपल्याला एवढं नको. आपण रेंजवर करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, एकट्याने करू नका. आम्ही सहा-सात पालकांनी मिळून नमुन्याचे डबे घेतले, प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा आला. श्रावणातली सकाळ होती. बाहेर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. लाकडी बाकाला शिकंजा घट्ट बोल्ट केला, जबड्यांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले म्हणजे रायफलीला ओरखडा नको. नळी शिकंज्यात कधीच धरायची नाही, रिसीव्हरजवळचा, म्हणजे नळी जिथे बसते तो, भाग धरायचा. एक जण रायफल भरणार, दुसरा मारणार, तिसरा कागद बदलणार. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लॉटचा नंबर आणि डोक्याचं माप, मारण्याआधीच. नंतर लिहू म्हणाल तर गोंधळ ठरलेला.

दुसरी गोष्ट, दहा शॉटचा ग्रुप मारा, म्हणजे एकाच जागी नेम धरून दहा शॉट. तीन शॉट कुठल्याही पेलेटचे नशिबाने एकत्र बसतात, पाचही बसतात. दहाच्या ग्रुपमध्ये नशीब फार काळ साथ देत नाही. प्रत्येक लॉटचे किमान तीन ग्रुप हवेत, आणि तेही ओळीने नकोत. क, ख, ग असे एकेक करून परत क पासून सुरू करा. सकाळी पहिला लॉट आणि दुपारी शेवटचा असं केलंत तर शिकंजा ढिला झाला की सिलिंडर उतरला, हे कधीच कळणार नाही. लॉट बदलला की पहिली पाच-सात पेलेट मोजायची नाहीत. आधीच्या पेलेटचा अंश नळीत असतो.

मग व्हर्नियरने ग्रुपच्या एका टोकाच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, त्यातून साडेचार वजा करा. आमच्यात बाहेरून बाहेर, म्हणजे वजा करण्याआधी, साडेपाच मिलीमीटरच्या आत आलेला लॉट स्पर्धेसाठी, सहापर्यंतचा रोजच्या सरावाला, त्याच्या पलीकडचा नवशिक्या मुलांच्या पोझिशन शिकण्याला. त्या दिवशी एका मुलीच्या रायफलीला सगळ्यांत स्वस्त डबा सगळ्यांत चांगला बसला. तिच्या आईने तो कागद जपून ठेवला आहे. दहा शॉट आणि एकच भोक, कडेला फक्त एक छोटीशी कुरतड.

एक विनंती. सर्वांत लहान ग्रुप ज्याने दिला तो लॉट लगेच विजेता ठरवू नका. तीनही ग्रुप ज्याचे जवळपास सारखे आले, त्याला माझं मत.

म्हणजे महाग डबा घेणं वायफळ?

नाही. महाग डब्यांमध्ये लॉट चांगला निघण्याची शक्यता जास्त, वाकडी पेलेट कमी. पण खात्री नळीच देते, किंमत देत नाही.

पेलेट वजन करून निवडावीत का?

मी वर्षभर केलं. संध्याकाळी जेवणानंतर मिलिग्रॅमचा काटा घेऊन बसायचो, पंखा बंद करून, कारण वाऱ्याने काटा हलतो. चांगल्या मॅच डब्यात फारसं काही हाताला लागलं नाही. त्यापेक्षा डोळ्यांनी बघणं कितीतरी उपयोगाचं. काचेचा तुकडा टेबलावर ठेवा, बाजूने टॉर्च पाडा आणि पेलेट हळूच घरंगळत सोडा. पेलेट शंकूसारखं असल्यामुळे ते गोल वळण घेत जातं. स्कर्ट, म्हणजे मागचा पातळ घेर, दबलेला असेल तर ते अडखळतं, लंगडतं. असं पेलेट बाजूला. डबा हातून पडला असेल तर त्यातली सगळी पेलेट एकदा काचेवरून जाऊ द्या. खाचांच्या ट्रेमध्ये येणारी मॅच पेलेट यासाठीच महाग असतात, एकमेकांवर आपटत नाहीत.

डब्यात तेल टाकणं, पेलेट धुणं, पावडर लावणं, यातलं काही करू नका.

गोव्याच्या दमटपणाने पेलेट खराब होतात का?

होतात. पावसाळ्यात उघड्या डब्यातली पेलेट निस्तेज होतात, पुढे त्यांच्यावर पांढरट भुकटी धरते. ते शिशाचं गंजणं. तशी पेलेट मारायची तर नाहीतच, हातानेही चिवडायची नाहीत; ती भुकटी पोटात गेली तर विष आहे. समुद्राच्या जवळ, कळंगुटला किंवा कोळव्याला घर असेल तर खारी हवा रायफलीच्या स्टीलच्या भागांनाही सोडत नाही.

डबा झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं, तव्यावर मंद आचेवर परत सुकवा, पण तो तवा स्वयंपाकाचा नको. उकड्या तांदळाचे दाणे घालायचा सल्ला आमच्याकडे बरेच जण देतात. नको. त्यांचा पिठूळ अंश पेलेटला चिकटतो आणि नळीत जातो. कपाटात बारीक बल्ब लावून ठेवायची आपल्या घरांतली जुनी पद्धत रायफलीसाठी चांगली आहे. फक्त पॉइंट टू-टूची काडतुसं त्या बल्बजवळ नकोत, गोळीवरचं मेण मऊ होतं. त्यांची जागा कुलपातली, सावलीतली. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं विसरणं तर अक्षम्य.

पावसात हवा जड होते म्हणून शॉट खाली लागतात का?

हा समज फार घट्ट आहे. आपल्याला दमट हवा जड वाटते, कारण घाम सुकत नाही. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच. १० किंवा ५० मीटरवर तो फरक दिसणारही नाही. जुलैत शॉट खाली लागत असतील तर सिलिंडरचा काटा बघा, रेंजवरचा अंधुक उजेड बघा, ओलसर जॅकेट कडक झालंय का ते बघा.

५० मीटरला वारा किती ढकलतो?

सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा पॉइंट टू-टूच्या गोळीला पाच-सहा मिलीमीटर सरकवतो. म्हणजे पाऊण रिंगच्या आसपास, आणि एक मीटरचा वारा गालाला जेमतेम जाणवतो. आपल्याकडे दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो. चाचणी म्हणून काडतुसांचे लॉट मारायचे तर सकाळी नऊच्या आत मारा, नाहीतर तुम्ही लॉट नाही, वारा मोजत बसाल.

आणखी एक. वेगवान काडतुसं ५० मीटरला चांगली असं काहींना वाटतं. ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. मॅच काडतूस मुद्दाम त्याच्या खाली ठेवलेलं असतं. वेगवान गोळी ध्वनीच्या वर निघते आणि वाटेत खाली येताना डगमगते. टार्गेटपर्यंत पोहोचते, पण शिस्तीत पोहोचत नाही.

नळी किती वेळा साफ करावी?

एअर रायफल: फेल्टच्या गोळ्या, आठवड्या-दोन आठवड्यांतून, आणि नंतर दहाएक पेलेट मारून मगच ग्रुप बघायचा. पॉइंट टू-टू: मी प्रत्येक सरावानंतर हलकी सफाई करतो, कारण आपल्या हवेत घाण ओल धरते. साफ केलेल्या नळीचे पहिले शॉट भटकतात. मेणाचा थर परत बसायला वेळ लागतो. सामन्याच्या आदल्या रात्री कोरी साफ करून जाऊ नका. काडतुसाची कंपनी बदलली की मेण बदलतं, तेव्हा आणखी जास्त शॉट द्यावे लागतात.

सिलिंडरचा गोळीशी काय संबंध?

पेलेटला वेग तोच देतो. काटा तळाच्या लाल भागाकडे गेला की वेग उतरायला लागतो आणि तुम्ही पेलेटला दोष देता. पंपाने भरताना दमट हवेतलं पाणी आत जातं, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर असलेल्या पंपानेच भरा किंवा डायव्हिंगच्या टाकीतली कोरडी हवा वापरा. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघत जा. मॅच सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं धरलेलं असतं. जुनी रायफल घेताना आम्ही आधी तारीख विचारतो, मग किंमत.

लहान मुलं शिशाला हात लावतात. धोका आहे का?

काळजी घेतली तर खेळ सुरक्षित आहे. घेतली नाही तर नाही. पेलेट तोंडात धरायचं नाही, कधीच नाही. मी अशा मुलाला त्या दिवसापुरता रेंजबाहेर बसवतो. रेंजवर खाणं-पिणं नाही. सुटल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच खाऊचा डबा उघडायचा. आई जेवायला वाट बघत असते, भूक लागलेली असते, तरी आधी हात. रेंजवरचा टॉवेल घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. ट्रॅपमधलं, म्हणजे टार्गेटमागच्या गोळ्या अडवणाऱ्या पेटीतलं, शिसं ओल्या फडक्याने गोळा करायचं, झाडूने धूळ उडवायची नाही. घरी लहान बाळ असेल किंवा कोणी गरोदर असेल तर बूट दाराबाहेर.

एअर रायफलीला परवाना लागतो का?

४.५ मिलीमीटरपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा देऊन विकत घेता येते. १० मीटरची मॅच रायफल जेमतेम आठ जूलची असते. बोअर किंवा ऊर्जा त्या मर्यादेच्या वर गेली की परवाना आला. पॉइंट टू-टूसाठी परवाना लागतोच, त्याला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि काडतुसं किती मिळतील ते परवान्यावर आणि खेळाडूच्या दर्जावर ठरतं. अर्ज करण्याआधी राज्य रायफल संघटनेचं सदस्यत्व घ्या.

'मावळणकर' स्पर्धा हे नाव कुठून आलं?

लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्यावरून. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. मावळणकरांचं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. कोकणातल्या एका घराण्याच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय पातळीची पायरी आहे, हे मुलांना सांगितलं की ती जरा ताठ उभी राहतात.

स्पर्धेला बाहेर जाताना पेलेट कशी न्यावीत?

रेल्वेने गेलात तर पेलेटचा डबा रायफलीच्या पेटीत नको, कपड्यांच्या मधोमध ठेवा. हमाल पेटी आपटतो तेव्हा स्कर्ट दबतात. मोपा किंवा दाबोळीहून विमानाने जाणार असाल तर रायफल आणि पेलेट दोन्ही चेक-इनमध्ये, आधी कळवून, संघटनेचं आणि स्पर्धेचं पत्र हातात ठेवून. सिलिंडर रिकामा करून रायफलीपासून वेगळा. दोन तास जास्तीचे धरा. काउंटरवरच्या माणसाने रायफल पहिल्यांदाच पाहिलेली असू शकते, त्याच्याशी शांतपणे बोला.

चांगला लॉट मिळाला. किती डबे घेऊ?

रोज शंभर शॉट, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ५०० चा एक डबा आठवड्याला. वर्षभराचा सगळा साठा मॅच दर्जाचा घेणं बहुतेक घरांना परवडत नाही, आणि गरजही नाही. स्पर्धांचा हिशोब करा: ६० शॉट, वर सायटर (सुरुवातीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट), म्हणजे एका सामन्याला ऐंशी-शंभर पेलेट. वर्षाच्या सामन्यांना आणि प्रत्येक सामन्याआधीच्या आठवड्याच्या सरावाला पुरतील इतके डबे त्या लॉटचे घ्या. बाकी सराव त्याच वजनाच्या साध्या पेलेटवर चालेल. सामन्याच्या आठवड्यात मात्र फक्त तोच लॉट, म्हणजे साईटचे क्लिक परत परत हलवावे लागत नाहीत.

शॉट भटकला. माझी चूक की पेलेटची, कसं ओळखू?

शॉट सुटण्याच्या क्षणी साईट कुठे होती ते पडद्यावर बघण्याआधी स्वतःशी बोला: 'उजवीकडे, किंचित वर'. मग बघा. तुम्ही म्हणालात तिथेच लागला असेल तर तो तुमचा. तुम्ही 'मधोमध' म्हणालात आणि लागला बाहेर, असं एकदा झालं तर सोडून द्या. एका सीरिजमध्ये तीनदा झालं तर डबा उलटा करून नंबर बघा, सिलिंडरचा काटा बघा, साईटचे स्क्रू बघा, याच क्रमाने. आमच्या मुलांच्या वह्यांत शॉटच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आहे, 'म्हणालो' असा. वर्षभर तो प्रामाणिकपणे भरणारा मुलगा पेलेटबद्दल तक्रार घेऊन आला की मी लगेच शिकंजा बाहेर काढतो.